वणव्यानं माती सुधारते, असं म्हणणाऱ्यांना

शिमगा जवळ आला की आमच्या भागातल्या सगळ्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मुद्दे तेच असतात. वणव्याला उगाच बदनाम केलंय. राख म्हणजे फुकटचं खत. जाळलेल्या डोंगरावर गवत जोमानं येतं. मातीतले जीव उन्हाळ्यात खोल गेलेले असतात, त्यांना धग लागत नाही. गोचीड मात्र मरते. वाडवडील हेच करत आले, आणि वन खातं स्वतःच जाळतं, मग आम्हालाच का सांगता?

यंदा हा मजकूर मला माझ्या सख्ख्या मामांनी पाठवला. मामांचं सगळं आयुष्य गुरांमागे आणि भातात गेलंय. त्यांनी पाठवलेलं काही मी अफवा म्हणून झटकून टाकू शकत नाही, आणि यातल्या निम्म्या गोष्टींत तथ्य आहेच. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी राख. पानातलं पोटॅश, चुना आणि बरंचसं स्फुरद राखेत उरतं, हे खरं. कोकणातली तांबडी माती आम्लधर्मी आहे, राखेनं तिचा आंबटपणा काही दिवस उतरतो, हेही खरं. पण नत्राचं काय? नत्र साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे वायू होऊन उडायला लागतं, आणि पेटलेल्या पातेऱ्यात, म्हणजे झाडांखाली साचलेल्या वाळक्या पाल्यात, तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. पिकाला ज्याची सर्वांत जास्त ओढ, तेच धुरातून निघून जातं. मागे राहिलेली राख उघड्या उतारावर पडून असते. तिला धरून ठेवायला ना पाला, ना मुळांची जाळी. मृगाच्या पहिल्या दणक्याला आमच्या वाडीखालचा वहाळ काळा वाहतो. लहानपणी आम्हाला त्याची गंमत वाटायची. ते काळं पाणी म्हणजे डोंगरावरचं पोटॅश आणि चुना होता, हे खूप उशिरा कळलं.

एका वर्षाच्या राखेनं काय होतं, यापेक्षा वर्षानुवर्षं जाळत राहिल्यावर काय होतं हे बघायला हवं. २०१८ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जगभरातल्या ४८ ठिकाणांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला. काही ठिकाणी जाळलेले आणि न जाळलेले पट्टे साठ वर्षांहून जास्त काळ शेजारी-शेजारी राखलेले होते. गवताळ माळ आणि रुंद पानांची जंगलं, म्हणजे आपल्यासारखीच जमीन, यांत वारंवार जळत राहिलेल्या मातीत सहा दशकांनी कर्ब सुमारे ३६ टक्के आणि नत्र सुमारे ३८ टक्के कमी भरलं. सूचिपर्णी जंगलांत चित्र वेगळं निघालं, पण सह्याद्रीत ती नाहीत.

गवताबद्दल वाद घालत नाही. जाळलेल्या डोंगरावर हिरवं लवकर दिसतं, मीही बघतो. जुनं वाळलेलं गवत गेल्यानं ऊन थेट कोंबाला मिळतं, काळी पडलेली जमीन तापते, राखेतलं थोडं काही पहिल्या सरीला मिळतं. बियाणं दळून भाकरी केली तरी त्या दिवशी पोट भरतंच. पण दरसाल जळणाऱ्या डोंगरावर कोणतं गवत उरतं, तेही वाकून बघा. कुसळीला आग मानवते. तिचं कुसळ ओल लागली की पिळा घेतं आणि बी जमिनीत घुसवतं, तिथे ते आगीपासून वाचतं. नाजूक, गोड गवतं आणि डाळवर्गातल्या बारीक वेली मात्र मागे पडतात. दिवाळीनंतर कुसळी पिकली की गुरं तिला तोंड लावत नाहीत, हे मामांनीच मला शिकवलंय.

आता ज्या मुद्द्यासाठी हे लिहायला बसलो तो: "मातीतले जीव खोल जातात, त्यांना काही होत नाही."

यात तथ्य किती? बरंच आहे. कोरडी माती उष्णता फार हळू वाहून नेते. गवतातून झपाट्यानं पुढे सरकणारी आग वर सगळं जाळते, पण दोन-चार बोटं खाली माती जेमतेम कोमट होते. खोल माती धरून राहणारी गांडुळं तेव्हा अंगाची गाठ मारून, भोवती मातीची कुपी करून निजलेली असतात. ती वाचतात. वाळवीही वाचते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून ठरावीक पट्टे ठरावीक अंतरानं जाळून बघतात, तिथेही वाळवी आगीला पुरून उरते असं दिसलंय.

पण गांडूळ आणि वाळवी म्हणजे सगळी माती नव्हे. गेल्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला मी एक साधी गोष्ट केली. पाण्याच्या दोन बाटल्या कापल्या, वरचा निमुळता भाग उलटा करून नरसाळं केलं, आत जाळी बसवली. एका बाटलीत देवराईतला पातेरा, दुसऱ्या बाटलीत देवराईच्या गडग्याला लागूनच असलेल्या, मार्चमध्ये जळलेल्या उतारावरचा पाला आणि वरची माती. दोन्हींवर जुना पिवळा बल्ब लावला, खाली पाण्याची वाटी ठेवली. बल्बच्या उष्णतेनं वरचा पाला सुकत जातो, तसे त्यातले जीव ओलाव्याकडे, म्हणजे खाली पळतात आणि वाटीत पडतात. दोन दिवसांनी वाट्या भिंगाखाली धरल्या.

देवराईच्या वाटीत गर्दी होती. टाचणीच्या डोक्याहून लहान, तकतकीत तपकिरी, कासवासारख्या पाठीचे माइट, म्हणजे कोळ्यांचे बारीक भाऊबंद. पोटाखाली दुमडलेल्या शेपटीनं टुणकन उडणारे पांढुरके स्प्रिंगटेल. नांगी नसलेला, पण विंचवासारखे आकडे उगारून चालणारा एक तांदळाएवढा जीव, त्याला छद्मविंचू म्हणतात. वाणीची पिल्लं, गोमेची पिल्लं, काचेसारखी पारदर्शक गोगलगाय. जळलेल्या बाजूच्या वाटीत मुंग्या होत्या आणि चार-पाच माइट. बाकी राख. एका बाटलीवरून मी शास्त्र सिद्ध करत नाही, पण त्या दोन वाट्या शेजारी-शेजारी बघितल्यावर माझं मन पालटलं, हे सांगायलाच हवं.

हे जीव पातेऱ्यात आणि मातीच्या अगदी वरच्या थरात राहतात. बोटभर खोल जायलाही त्यांना मातीत फट लागते, आणि खाली त्यांचं अन्न नाही. त्यांचं खाणं म्हणजे कुजतं पान आणि त्यावरची बुरशी. पातेरा जळतो तेव्हा यातले कितीतरी जागीच जातात, आणि जे वाचतात त्यांचं घर आणि कोठार दोन्ही गेलेलं असतं. म्हणूनच धग किती खोल गेली, एवढंच मोजून भागत नाही. जूनमध्ये ओल आल्यावर गांडूळ वर येतं तेव्हा त्याला काय मिळतं? उघडी, पावसाच्या थेंबांनी चोपून घट्ट झालेली जमीन. आगीतून सुटलेलं गांडूळ उपासमारीतून सुटतंच असं नाही.

आणि बुरशी. मातीत ती पांढऱ्या धाग्यांनी पसरलेली असते, सागापासून आंब्यापर्यंत बहुतेक झाडांच्या मुळांना चिकटून त्यांना स्फुरद आणि पाणी पुरवते. उष्णतेनं बहुधा जिवाणूंआधी बुरशी मरते, आणि माती ओलसर असेल तर आणखी कमी तापमानाला. गवत जळलं तर वरवर निभावतं, पण पडलेलं आईनाचं खोड किंवा बुंधा पेटला तर तो रात्र-रात्र धुमसतो. अशा जागेची माती विटेसारखी लाल, भाजकी होते. खुरपं घालून बघा, त्या जागेत पुढचा पावसाळाभर बी धरणं कठीण.

या सगळ्यांना आपण ओळखत नाही, म्हणून त्यांचं जाणं जाणवत नाही. ओळखीतले दोन सांगतो. पहिल्या पावसात वर येणारा लाल मखमली मृगाचा किडा, तो वर्षाचा बहुतेक काळ मातीतच काढतो, आणि मातीतल्या किडींच्या अंड्यांवर जगतो. दुसरा काजवा. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला, राजमाचीला लोक गाड्या भरभरून जातात, ते ज्याच्यासाठी, त्याचं आयुष्य बहुतांशी अळी म्हणून ओल्या पातेऱ्यात आणि मातीत गोगलगायी खाण्यात जातं. पंख फुटून चमकण्याचे दिवस मोजकेच. मार्च-एप्रिलमध्ये पातेरा जाळणारा डोंगर जूनमध्ये काजव्यांनी उजळेल, अशी आशा कशी ठेवायची?

"एक-दोन वर्षांत सगळं परत येतं" असंही मजकुरात असतं. येतं, जर शेजारी न जळलेला तुकडा असेल आणि मधे काही वर्षं आग लागली नाही तर. यातल्या बहुतेकांना पंख नाहीत, ते रांगत, पातेऱ्याच्या आडोशानं पुढे सरकतात. दरसाल जळणाऱ्या डोंगराला ती उसंतच मिळत नाही.

पाण्याचा मुद्दा मजकुरात नाही, पण तो इथेच येतो. गांडुळांची आणि वाळवीची बिळं, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या, यांतून पाऊस आत मुरतो. वर पातेरा असेल तर थेंबाचा मार त्यावर बसतो. पातेरा गेला की बारीक माती आणि राख त्या भोकांत बसते, पाणी वरूनच निघून जातं. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या वाड्यांवर मार्चमध्ये टँकर येतो, त्याची कारणं अनेक आहेत. डोंगराची उघडी पाठ हे त्यातलं एक.

गोचिडीचा मुद्दा मी हलक्यानं घेत नाही. दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यांत माकडतापानं माणसं गेली आहेत, आणि तो ताप पसरवणारी गोचीड पातेऱ्यातच असते. काजूच्या बागेत उतरणाऱ्या बाईला पातेऱ्याची भीती वाटणारच. पण तिथे आरोग्य खात्याची रीत वेगळी आहे: माकड मेलं त्या जागेभोवती सुमारे ५० मीटरपर्यंत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारायची, रानात जाताना हातापायाला गोचीड दूर ठेवणारं तेल लावायचं, आणि मेलेलं माकड दिसलं की लगेच कळवायचं. हे नेमक्या जागेचे उपाय आहेत. अख्खा डोंगर जाळून गोचीड संपत नाही, ती गुरांच्या आणि रानातल्या जनावरांच्या अंगावरून पुन्हा येते. त्याच आगीत गोचीड खाणारे कोळीही कमी होतात.

आता वाडवडील. त्यांना मधे आणताना ते काय करत होते, ते पूर्ण सांगायला हवं. भाजावळ, म्हणजे पालापाचोळा पसरून जमीन भाजणं, ही तरव्यापुरती, म्हणजे भाताची रोपं करायच्या तुकड्यापुरती, चार गुंठ्यांची. सह्याद्रीतली कुमरी किंवा रायगडाकडची दळी ही फिरती शेती, ती एक-दोन हंगाम पिकवून सोडून देत, मग तिथे वर्षानुवर्षं रान वाढू देत. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिगा लोक हंगामाच्या सुरुवातीलाच, पाला थोडा असताना हलकी आग फिरवत. तिला ते 'तरगु बेंकी' म्हणतात. ती बंद झाल्यावर घाणेरी (लँटाना) माजली, असं त्यांचं म्हणणं अभ्यासकांनीही गंभीरपणे घेतलंय. मलाही ते पटतं. आग म्हटली की वाईट, असं मी म्हणत नाही. माळरानाचं गवत आणि आगीचं नातं तर फार जुनं आहे. पण जाणत्या माणसानं वेळ, वारा आणि जागा बघून फिरवलेली हलकी आग वेगळी, आणि मार्च-एप्रिलच्या भर दुपारी काडी टाकून घरी येणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला वाडवडिलांचं नाव लावू नये. त्याच वाडवडिलांनी देवराईतलं वाळकं पानही उचलू दिलं नाही, हेही त्या मजकुरात यायला हवं होतं.

वन खातं जाळतं ते जाळरेषा: ठरावीक रुंदीचा पट्टा, वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी म्हणजे साधारण १५ फेब्रुवारीच्या आत, माणसं उभी करून. पट्ट्याचं नुकसान सोसून मागचं रान वाचवायचं, एवढाच हिशेब. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नं गुन्हा आहे. मात्र रोपवनाच्या नावाखाली यंत्रानं उतार उकरणं, तळचा पातेरा खरवडून 'स्वच्छ' करणं, हे कुणीही केलं तरी मातीच्या जिवांना तितकंच महागात पडतं. त्याची बाजू मी घेणार नाही.

बागेत वणवा शिरू नये म्हणून काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. काजूला-आंब्याला आगीची झळ लागलेली माणसं माझ्याही घरात आहेत. जानेवारीतच बागेभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून मोकळा करायचा. तिथला पातेरा न जाळता आतल्या झाडांच्या आळ्यात टाकायचा, खोडापासून वीतभर लांब. वर थोडं शेण-पाणी शिंपडलं तर पहिल्या पावसात तो बसतो, आणि गणपतीपर्यंत खाली काळी, भुसभुशीत माती दिसायला लागते.

मामा, मेच्या शेवटी या. बाटल्या, जाळी, बल्ब सगळं आहे. एका बाटलीत तुमच्या डोंगरावरचा पाला आणा, दुसऱ्या बाटलीत मी देवळामागचा घालतो. भिंग तुमच्याच हातात देईन.