‘दोन महिने गोळ्या बंद ठेवल्या तर कोणाला कळते?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मानसिक आजारावर उपचार घेतलेल्या मुलाने सैन्यभरतीच्या मेडिकलमध्ये ते लपवू नये, आणि लपवता यावे म्हणून चालू गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत, एवढेच मी मागच्या लेखात म्हटले होते. त्यावर घाटंजी तालुक्यातील एका वाचकाची पुढील प्रतिक्रिया आली : “पेन्शन खात बसून उपदेश करणे सोपे आहे. आमच्याकडच्या पोरांना वावराशिवाय भरती हा एकच रस्ता आहे. दोन महिने गोळ्या बंद ठेवल्या तर कोणाला कळते? माझ्या चुलतभावाने तेच केले, रनिंगमध्ये पहिल्या गटात आला, आता मेडिकल आहे. सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा मानसिक आजारी जवानाच्या बाजूने निकाल दिला आहे. तुमचा लेख वाचून कोणी डॉक्टरकडे जाणार नाही. आणि ‘लपवाल तर फसाल’ हे शीर्षक म्हणजे धमकी आहे.”

भाऊ, शीर्षकाबद्दलचा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. ते कठोर होते आणि मी ते बदलले आहे.

‘पेन्शन खात बसून’ हे शब्द मात्र मला लागले, आणि ते लागावेत म्हणूनच तुम्ही लिहिले असावेत. मी कोरडवाहू कपाशीच्या घरातला आहे. नापिकीच्या वर्षी सावकाराच्या ओसरीवर बसलेले वडील मी पाहिले आहेत, आणि भरतीशिवाय आपल्याला रस्ता नाही हे वाक्य तुमच्या जन्माआधी मी स्वतः म्हटलेले आहे. सैन्याच्या वैद्यकीय कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून मी नोकरी केली. त्या नोकरीतला मोठा काळ लष्करी रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात, रात्रपाळीत, जागे असणाऱ्या जवानांच्या पलंगांमध्ये फिरण्यात गेला. त्या कामाचे निवृत्तिवेतन मी घेतो. आजही पहाटे आमच्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरे पळायला येतात तेव्हा त्यांच्या पायांच्या सुजा आणि नडग्यांची दुखणी पाहायला मी तिथे उभा असतो. एवढे सांगावे लागले याचे मला वाईट वाटते, पण जो माणूस विषयाऐवजी लिहिणाऱ्याच्या पेन्शनवर बोट ठेवतो, त्याला ती कोठून आली हे सांगणे भाग आहे.

आता तुमचा तो प्रश्न, ‘कोणाला कळते?’ त्या दिवशी कदाचित कोणालाच कळणार नाही, हे मी सरळ सांगतो. मेडिकलमध्ये छाती, डोळे, कान, दात, गुडघे, तळपाय तपासले जातात. मनाचा आजार मात्र बव्हंशी विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांवरूनच कळतो. अग्निवीर भरतीत अलीकडे अडॅप्टॅबिलिटी टेस्ट असते, पण तीही मुलगा सैनिकी जीवनाशी जुळवून घेईल की नाही याचा अंदाज घेते. घरी कपाटात ठेवलेली डॉक्टरांची चिठ्ठी काही ती वाचत नाही. पण शरीराला आणि मेंदूला कळते, आणि ते लगेच कळते. कोणती गोळी बंद केली हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि ते न लिहिता ‘गोळ्या’ असा सरसकट शब्द वापरणे हेच मला सर्वांत धोक्याचे वाटते. नैराश्याची गोळी एकाएकी सोडली तर चक्कर, झोपमोड, चिडचिड आणि अस्वस्थता येऊ शकते. मनःस्थिती स्थिर ठेवणारे व्हॅल्प्रोएट अचानक सोडले तर झटके येऊ शकतात. बायपोलर आजारात, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणाऱ्या आजारात, दिले जाणारे लिथियम एकदम थांबवले तर उन्माद पुन्हा उसळण्याचा धोका मोठा असतो. सायकोसिसवरचे, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या आजारावरचे, औषध सोडलेला मुलगा काही आठवडे अगदी उत्तम दिसतो, अंगातली सुस्ती गेल्याने धावतोही जोरात, आणि घरचे म्हणतात की बघा, गोळ्यांनीच बिघडवले होते. पहिल्या गटातले रनिंग, म्हणजे १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत, हा आजार बरा झाल्याचा पुरावा नव्हे. त्यात भर म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा. लिथियम चालू असताना घामावाटे पाणी आणि मीठ निघून गेले तर रक्तातले त्याचे प्रमाण विषारी पातळीपर्यंत वाढू शकते. म्हणून अशा मुलाने गोळी घेऊन विदर्भातल्या मे महिन्यात पळणेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय धोक्याचे आहे आणि गोळी सोडून पळणेही. तुम्ही ‘दोन महिने’ असे लिहिता, जणू तिसऱ्या महिन्यात तो मुलगा पुन्हा गोळी घेऊ शकणार आहे. बराकीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, तो ती कोठे ठेवणार?

प्रशिक्षण केंद्रात पहाटेच्या अंधारात दिवस सुरू होतो आणि पुढे युनिटमध्ये रात्रीची संतरी ड्यूटी झोपेचे तुकडे करते. बायपोलर आजाराच्या माणसाला झोपेची मोडतोड हीच उन्मादाची ठिणगी ठरू शकते. वॉर्डात आलेला एक मुलगा मला कायमचा लक्षात राहिला आहे. त्याची ओळख पटेल असे काही लिहिणार नाही. तो प्रशिक्षण पुरे करून युनिटमध्ये गेला होता, अनेक रात्री झोपला नव्हता, आपल्याला विशेष आदेश मिळतात असे त्याला वाटू लागले होते. सुदैवाने त्याच्या सोबत्याला संशय आला आणि रायफल आधी काढून घेतली गेली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी पूर्वी कधी असे झाले होते का म्हणून विचारले, तर तो नाही म्हणाला. मग एका रात्री, मी एकटा असताना, त्याने सांगितले की बारावीत असताना हेच झाले होते, उपचारही झाले होते, आणि भरतीआधी आईने गोळ्या चुलीत टाकल्या होत्या.

भाऊ, मला जे सांगायचे आहे ते या प्रसंगात आहे. नोकरीत असताना आजारी पडलेल्या जवानाला सैन्य वाऱ्यावर सोडत नाही. तो युनिटच्या डॉक्टरकडे जातो, त्याला रुग्णालयात पाठवतात, वैद्यकीय श्रेणी ठरवणाऱ्या ‘शेप’ पद्धतीतल्या ‘एस’ म्हणजे मानसिक घटकात त्याची श्रेणी खाली येते, शस्त्रापासून दूरचे काम मिळते, आणि सुधारणा झाली की श्रेणी वरही जाते. अशी माणसे परत कामावर गेलेली मी पाहिली आहेत. लपवून आत गेलेल्या मुलाला मात्र हा दरवाजा स्वतःच्या हाताने बंद करावा लागतो, कारण ‘मला मदत करा’ असे म्हणायचे तर ‘मी भरतीच्या वेळी खोटे बोललो’ हेही म्हणावे लागते. जो आजार बोलल्याने निम्मा हलका होतो, तो घेऊन हा मुलगा अशा जागी जातो जिथे त्याला जन्मभर बोलता येणार नाही.

आणि कायद्याचेही सांगतो. भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हा १९५० च्या सैन्य अधिनियमाच्या कलम ४४ खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अग्निवीराला सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपयांची एकरकमी मदत आहे, पण आजार सेवेमुळेच आला हे ठरावे लागते. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे निघाला तर तो सामान्यतः सेवेमुळे झाला असे धरावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धर्मवीर सिंग यांच्या अपंगत्व-पेन्शनच्या प्रकरणात सांगितले. ज्याच्या भरतीपूर्वीच्या उपचारांचे कागद सापडतात, तो या आधारावर कसा उभा राहणार?

तुम्ही म्हणाल, दुसऱ्यांच्या मुलांबद्दल बोलणे सोपे असते. म्हणून घरचे सांगतो, आणि ज्याचे आहे त्याला विचारून सांगतो. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार आहे. पहिल्यांदा झाले तेव्हा गावाने अंगात आले म्हटले, आईने त्याला देव पाहणाऱ्याकडे नेले, आणि मी सुट्टीवर येऊन त्याला नागपूरला डॉक्टरांकडे नेईपर्यंत तो घरात कोणाला ओळखत नव्हता. बरा झाल्यावर त्याला भरतीला जायचे होते. तो माझ्यापेक्षा चांगला पळायचा. मी त्याला फॉर्म भरू दिला नाही. आई माझ्यावर रडली, तो माझ्याशी फार काळ बोलला नाही, आणि नातेवाइकांनी मला ऐकवले की स्वतः वर्दी घालून याला भावाची वर्दी खुपते. आज तो गावच्या पाणीपुरवठ्याची मोटर सांभाळतो, शेती करतो, गोळ्या घेतो, मधूनच आजारी पडतो आणि पुन्हा उठतो. या माणसाला घरात ठेवून मी लिहितो आहे. मला उपदेशाची हौस आहे असे ज्याला म्हणायचे असेल त्याने आमच्या घरी येऊन त्याच्यासमोर म्हणावे.

न्यायालयाच्या निकालाबद्दल थोडक्यात. तुम्ही ज्याचा उल्लेख करता तो बहुधा रवींदर कुमार धारीवाल यांचा, १७ डिसेंबर २०२१ चा निकाल असावा. ते केंद्रीय राखीव पोलीस दलात अधिकारी होते, आजार सेवेत असताना झाला, आणि त्या आजाराशी संबंधित वर्तनावरून केलेली शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरते असे न्यायालयाने म्हटले. मी त्या निकालाचा आदर करतो. पण आत असलेल्याला संरक्षण देणे वेगळे आणि आजार लपवून आत शिरण्याला मुभा देणे वेगळे. निकाल पुढे करण्याआधी तो वाचायला हवा होता.

माझ्या लेखाने लोक डॉक्टरकडे जायचे थांबतील, हे मी मानत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० खेड्यांत ‘विश्राम’ प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलायला सुरुवात केली तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. लोक उघड बोलण्यामुळे उपचाराकडे येतात. एवढे पुरे. भरतीशिवाय रस्ता नाही, या तक्रारीवर वेगळे लिहावे लागेल. पण रस्ता नाही म्हणून आजारी मुलाच्या हाती रायफल द्यावी, असे त्यातून निघत नाही. परीक्षेच्या आधी झोप न लागणे किंवा घरात कोणी गेल्यावर काही आठवडे उदास राहणे हा मानसिक आजार नव्हे, हेही ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी सांगून ठेवतो.

राहिला तुमचा चुलतभाऊ. मेडिकलची तारीख जवळ आहे असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. त्याची झोप कमी झाली असेल, बोलणे वाढले असेल, पैसे उधळत असेल किंवा कोणी आपल्यावर नजर ठेवते असे म्हणत असेल, तर मेडिकलची वाट न पाहता त्याला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. यातले काही दिसत नसले तरी न्या. जुनी चिठ्ठी सोबत असू द्या, गोळ्या कोणत्या तारखेपासून बंद आहेत ते सांगा. घरच्या घरी जुन्या मात्रेने पुन्हा सुरू करू नका, कारण काही औषधे थोड्या प्रमाणापासूनच वाढवावी लागतात. रात्री-बेरात्री काही झाले तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येते. जाताना सोबत कोणी हवे असेल तर मला कळवा. मी येईन, आणि तुम्ही मला काय म्हणालात याचा विषय वाटेत निघणार नाही.