टोमॅटोच्या ग्रो बॅगबद्दल फिरणारा मेसेज आणि त्यात नेमकं काय चुकलंय

गच्चीवरच्या बागेच्या ग्रुपांवर एक मेसेज परत परत येतोय. त्यात म्हटलंय: टोमॅटोसाठी कुंड्या सोडा, ९ बाय ९ इंचाची ग्रो बॅग (झाड लावायची पिशवी) घ्या, नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा, रोज सकाळी एक मग पाणी द्या, बॅगेत मुळं आपोआप छाटली जातात, फळाचं बूड काळं पडलं तर अंड्याची टरफलं घाला, रोग येत नाही आणि बॅग हलकी असते म्हणून गच्चीवर कितीही ठेवा. ग्रो बॅग चांगलीच आहे, मी ती वापरायलाच सांगेन, पण हा मेसेज वाचून पहिल्यांदा टोमॅटो लावणाऱ्याचं झाड सुकतं आणि मग तो म्हणतो आपल्या हाताला झाडं लागतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी साइज. ९ बाय ९ च्या बॅगेत वरची दोन इंच जागा सोडली की माल मावतो साधारण ७ लिटर. फळावर आलेलं मोठं झाड कडक उन्हात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज ओढतं, म्हणजे दुपारपर्यंत ती बॅग कोरडी ठणठणीत. १२ बाय १२ मध्ये १८ लिटरच्या आसपास मावतं, बुटक्या झुडूपवजा जातीला ती ठीक, आणि वेलासारख्या वाढत जाणाऱ्या जातीला १५ बाय १५ घ्या, त्यात ३५ लिटरच्या वर माल बसतो. ९ ची बॅग पालक, मेथी, कोथिंबिरीला ठेवा. आणि 'रोज एक मग' असं मोजमाप नसतंच, दोन इंच बोट खाली घालून बघायचं, ओल लागली तर थांबायचं, नाहीतर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत द्यायचं, फळं धरल्यावर कधीकधी दोन वेळा.

बूड काळं पडण्याचा मुद्दा याच पाण्याशी जोडलेला आहे म्हणून इथेच बोलतो. कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण ते फळात कमी पडतं, मातीत असतं बऱ्याचदा भरपूर, आपल्या काळ्या मातीत तर असतंच. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, आणि जिथून जास्त बाष्प उडतं तिकडे, म्हणजे पानांकडे, जास्त जातं, फळाच्या वाट्याला मुळातच थोडं येतं, त्यात बॅग दुपारी वाळली आणि संध्याकाळी चिखल झाली की फळाच्या टोकापर्यंत ते पोचतच नाही. टरफलं इतकी हळू कुजतात की या झाडाला त्यांचा उपयोग जवळपास शून्य. मग लोकांना फरक दिसतो तो का? कारण हा त्रास बहुतेक वेळा पहिल्या घोसांना होतो आणि पुढचे घोस आपोआप सुधारतात, श्रेय मात्र टरफलांना जातं. पाणी एकसारखं ठेवा, वर वाळक्या पाल्याचं आच्छादन करा, आणि पान जरा पिवळं दिसलं की युरिया टाकायची सवय सोडा, युरियातून तयार होणाऱ्या जास्त अमोनियममुळे कॅल्शियम घेणं अजून अडतं.

नुसतं कोकोपीट? त्यात झाडाला खायला जवळपास काही नसतं, न धुतलेल्यात वर मीठही असतं. विरघळणारी खतं मोजून देणाऱ्या पॉलिहाऊसवाल्यांना ते जमतं, घरी नाही. ढोबळमानाने एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग माती, एवढं पुरे.

मुळं छाटली जाण्याबद्दल, ते खरं आहे पण कापडी बॅगेत, जिच्यातून हवा जाते. मुळाचं टोक हवेला लागून वाळतं आणि मागून बारीक मुळं फुटतात. आपल्याकडे नर्सरीत सर्रास मिळणारी हिरवी एचडीपीई (जाड प्लास्टिकची) बॅग बाजूने बंद असते, तिच्यात मुळं प्लास्टिकच्या कुंडीसारखीच गोल गोल फिरतात. आणि कापडी बॅग कडेनेही वाळते, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याकडे उन्हं तापायला लागली की तिला जास्त पाणी लागणार हे धरूनच घ्या.

रोगाचं थोडक्यात. नव्या स्वच्छ मिश्रणात मातीतून येणारी मर (अख्खं झाड सुकवणारा रोग) कमी होते एवढं मान्य. पण पानं वळवणारा लीफ कर्ल व्हायरस पांढरी माशी आणते, तिला बॅग काय आणि वाफा काय, दोन्ही सारखेच. त्यासाठी रोप जाळीत वाढवा, पिवळे चिकट सापळे लावा, बंगळुरूच्या आयआयएचआर संस्थेच्या अर्का रक्षकसारखी प्रतिकारक जात निवडा.

सगळ्यात काळजीचा दावा शेवटचा. हलकी असते ती रिकामी बॅग! भिजलेली १२ बाय १२ ची बॅग या मिश्रणात २० किलोच्या आसपास जाते, नुसती माती भरली तर ३० च्या वर. एका चौरस मीटरवर अशा नऊ बसतात, म्हणजे १८० ते २७० किलो आणि त्याहूनही जास्त. आयएस ८७५ या इमारतींच्या भारांसाठीच्या भारतीय मानकात, ये-जा असलेल्या गच्चीला धरलेला लाइव्ह लोड, म्हणजे स्लॅबच्या स्वतःच्या वजनाशिवाय वर येणारा माणसा-सामानाचा भार, चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन आहे, म्हणजे साधारण १५० किलो. त्यामुळे बॅगा गच्चीच्या मधोमध खेटून मांडू नका, खाली बीम किंवा भिंत आहे तिथे कडेकडेने एका ओळीत ठेवा, बिल्डिंग जुनी असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, आणि बॅगेखाली दोन-दोन विटा द्या म्हणजे पाणी निघून जाईल आणि स्लॅब ओला राहणार नाही.