आत्याच्या गोळ्या बंद पाडणारा मेसेज

"उपकेंद्रात व्हिडिओवर दिसतो तो डॉक्टर नाही, कम्प्युटर आहे. त्याची औषधं घेऊ नका. सरकारला खेड्यातली डॉक्टर-नर्स भरतीच बंद करायचीय. कॉलमुळे पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्रं) ओस पडल्यात." ई-संजीवनी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर डॉक्टरचा सल्ला देणारी सरकारी सेवा, तिच्याबद्दलचा हा मेसेज महिनाभर फिरतोय. मीही आधी सोडून दिला होता. परवा आत्याकडे गेलो, तर बीपीच्या गोळ्यांची पट्टी डब्यात तशीच. "व्हिडिओवाल्यानं दिलेल्या ना, म्हणून थांबवल्या." उपकेंद्रात नेऊन मोजलं, १७४/१०२.

म्हणून आधी कम्प्युटरचंच बोलू. टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून डॉक्टरी सल्ला देण्याची, केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ची आहेत. सल्ला नोंदणीकृत डॉक्टरनंच द्यायचा आणि चिठ्ठीवर स्वतःचा नोंदणी क्रमांक टाकायचा, असं त्यात लिहिलंय. कृत्रिम बुद्धिमत्तेला रुग्णाला सल्ला द्यायला किंवा औषध लिहून द्यायला त्यात सरळ मनाई आहे. डॉक्टरला मदत करण्यापुरती ती चालते. आत्याच्या चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव आहे, नोंदणी क्रमांकही आहे. चिठ्ठी तिच्याच उशीखाली होती! मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकानंही ती उघडून बघायला सांगितली नाही.

भरतीचं म्हणाल, तर हा कॉल माणसांशिवाय लागतच नाही. माझ्यासमोर उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी आत्याच्या दंडाला पट्टा बांधला, बोट टोचून साखर बघितली, आकडे भरले, मग कॉल लावला. डॉक्टरांनी आत्याला चार प्रश्न विचारले, गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितल्या. त्या कपाटातून काढून दिल्या मॅडमनीच. उपकेंद्रातलं पद रिकामं असेल तर समोरचा डॉक्टर कितीही हुशार असो, पट्टा कोण बांधणार?

पीएचसीबद्दल मात्र थोडं खरं आहे, ते मान्य करतो. बऱ्याच ठिकाणी ओपीडी बघणाऱ्या डॉक्टरलाच मधूनमधून कॉल घ्यावे लागतात आणि बाहेरची रांग खोळंबते. कॉलसाठी वेगळा डॉक्टर किंवा ठरलेली वेळ हवी, ही मागणी रास्त आहे. ती जिल्हा परिषदेत जाऊन करा. त्यासाठी म्हाताऱ्या बाईच्या गोळ्या कशाला बंद पाडता?

छातीत दुखतंय, श्वास लागलाय, तर कॉलची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. मेसेजमध्ये हे एक वाक्य असतं तरी चाललं असतं.

आत्याचं बीपी सोमवारी पुन्हा मोजायचंय.