तुमच्याकडे अजून विंडोज?

पेनड्राइव्हला टोपण असतं, हे मी विसरूनच गेलो होतो. परवा आमच्या साडूंनी ते माझ्यादेखत परत बसवलं, पेनड्राइव्ह खिशात टाकला, खिशाची चेन ओढली आणि म्हणाले, "तुमच्याकडे अजून विंडोज? मग राहू दे."

फोटो द्यायला आले होते. मी कॉम्प्युटर चालू करून, त्यांच्यासाठी खुर्ची सरकवून, हात पुढे करून उभा. तो हात तसाच राहिला. समोर बायको, मेव्हणी, सासूबाई. सासूबाईंनी काळजीने विचारलं, "काय आहे म्हणाले यांना?" मेव्हणी म्हणाली, "विंडोज." सासूबाई म्हणाल्या, "आणि आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

आता एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, कारण त्या दिवशी ती कुणी ऐकून घेतली नाही. माझ्या कॉम्प्युटरला व्हायरस नव्हता. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस चालू होता, अपडेट वेळच्या वेळी होत होते, रोजचं खातं साधं आणि अ‍ॅडमिनचं वेगळं होतं. बाहेरच्या डिस्कवर बॅकअपसुद्धा होता. हे सगळं मी साडूंना सांगितलं.

"व्हायरस दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं," ते म्हणाले. "उलट जास्त लपलेला असतो."

यापुढे बोलणार काय? सापडला तर आहे, नाही सापडला तर नक्कीच आहे. बरं, हेच गृहस्थ काही वर्षांपूर्वी अँटीव्हायरसची क्रॅक केलेली सीडी नातेवाइकांत फुकट वाटत फिरायचे. चोरीच्या कुलपाने घर सुरक्षित होतं, अशी तेव्हा त्यांची श्रद्धा होती. आता ते लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी बसवायच्या दुसऱ्या एका यंत्रणेवर गेलेत. नुसते गेले असते तर माझी काही हरकत नव्हती.

"लिनक्सला व्हायरस लागतच नाही," साडू खुर्चीत बसत म्हणाले. (मी सरकवलेल्याच खुर्चीत. तिला विंडोज चालत होतं.)

"का बरं?"

"कर्नल." यंत्रणेच्या गाभ्याचा हा शब्द ते डोळे मिटून उच्चारतात.

"म्हणजे?"

"१९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने लिहायला घेतलं. हेलसिंकीत विद्यार्थी होता. पण वळण सगळं युनिक्सचं, त्याच्याआधीच्या जुन्या यंत्रणेचं. ते रक्तातच असावं लागतं."

"पण १९८८ सालचा तो मॉरिस वर्म, आपला आपण पसरणारा प्रोग्राम, युनिक्सवरच पसरला होता ना? तेव्हाच्या इंटरनेटवरची हजारो मशीन त्याने लोळवली."

"ते युनिक्स," साडू म्हणाले. "लिनक्स वेगळं."

"मग रक्त?"

"रक्त तेच. कर्नल वेगळा."

मी मॅक कॉम्प्युटरचं नाव काढलं. मॅकबद्दल साडूंच्या मनात माया नाही, त्यामुळे २०१२ साली फ्लॅशबॅक नावाच्या भानगडीने सहा लाखांच्या आसपास मॅक बाधित केले होते, हे त्यांनीच मला हौसेने सांगितलं. त्यांचा मूड बरा दिसला म्हणून मी पुढे सरकलो.

"घरोघरचे राउटर, कॅमेरे यांतही बहुधा लिनक्सच असतं. २०१६ साली मिराय नावाचा घुसखोर प्रोग्राम आला, तो तर त्यांच्यातच घुसला होता."

"तो लिनक्सचा दोष नाही. लोकांनी कंपनीने दिलेले पासवर्ड बदलले नव्हते. साठेक पासवर्डांची यादी घेऊन तो दारोदार फिरला आणि आत गेला."

"म्हणजे दोष माणसांचा."

"अर्थात."

"आणि विंडोजमध्ये शिरला तर?"

"विंडोजचा."

सासूबाई इतका वेळ शांत होत्या. आता त्यांनी थेट मुद्द्याला हात घातला. "मग यांच्यावर उपाय काय?"

"पुसायचं," साडू म्हणाले. "पूर्ण."

जुने व्हायरस बरे होते, असं मला या वयात वाटू लागलंय. १९८२ साली पंधरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने अ‍ॅपल टू कॉम्प्युटरसाठी एल्क क्लोनर लिहिला, तो दर पन्नासाव्या वेळी मशीन सुरू केलं की पडद्यावर कविता दाखवायचा. बस, कविता. साहित्याची आवड असलेला व्हायरस! १९८६ चा ब्रेन तर त्याहून सभ्य. लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला आणि आत स्वतःची नावं, पत्ता, फोन नंबर घालून ठेवला. लस हवी असेल तर संपर्क करा म्हणून. आज रीतसर विकत घेतलेल्या वस्तूबद्दल तक्रार करायची तर कंपनीचा फोन नंबर मिळत नाही. यंत्र विचारतं, आमच्या सेवेवर तुम्ही कितपत समाधानी आहात. त्या दोन भावांनी निदान फोन उचलला असता.

असो. बायको म्हणाली, "करून टाका ना, भाऊजी एवढं म्हणताहेत तर." घरातली बहुमताची पद्धत सगळ्यांना माहीत आहे.

माझा बॅकअप आहे, हे दुसऱ्यांदा सांगितल्यावर साडूंचा चेहरा थोडा पडला. डेटा वाचवण्याचा एक प्रसंग त्यांच्या हातून गेला होता. मग त्यांनी खिशाची चेन उघडली आणि तोच पेनड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला लावला.

"आता चालतं?" मी विचारलं.

"आता विंडोज झोपलेलं असेल. आपण पेनड्राइव्हवरून उठवणार."

त्यासाठी मशीन सुरू होताना एक बटण दाबावं लागतं. कुठलं, ते पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येतं आणि वाचायच्या आत जातं. साडूंनी उजव्या तर्जनीने एफ १२ ठोकायला सुरुवात केली, डाव्या हाताने मधूनमधून डिलीट. मान वाकडी, जीभ दातांत धरलेली. विंडोज आपलं शांतपणे सुरू झालं आणि "वेलकम" म्हणालं. साडूंनी त्याला तसंच बंद केलं. पुन्हा ठोकाठोकी, पुन्हा वेलकम. इतका अपमान होऊनही त्याने एकदाही आवाज चढवला नाही, हे मला त्या दिवशी विशेष जाणवलं. शेवटी बटण एफ २ निघालं. ते मी सांगत होतो.

लिनक्स बसलं. खरं सांगतो, चटकन बसलं आणि दिसायलाही देखणं आहे. कॉम्प्युटर आधीपेक्षा लवकर सुरू होतो. प्रोग्राम हवा असेल तर त्यांच्याच भांडारातून सही-शिक्का तपासून येतो, कुठल्या तरी पानावरचं हिरवं "डाउनलोड" बटण दाबायला लागत नाही, आणि घरच्या मशीनांत लिनक्स इतकं थोडं आहे, की व्हायरस लिहिणारे गर्दी असते तिकडे, म्हणजे विंडोजकडे वळतात. साडूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, हेच जास्त झोंबतं. माणूस पूर्ण चुकीचा असता तर मी त्याला माफ केलं असतं.

फोटो आले. ते मेव्हणीने दरम्यान फोनवरून पाठवून दिले होते.

मग मी एक पान छापायला गेलो. प्रिंटरने कागद ओढला, वर एका ओळीत चौकोन, टिंबं आणि उलटे प्रश्नचिन्ह असं काहीतरी उमटवलं आणि कागद बाहेर टाकला. मग दुसरा कागद, पुन्हा एकच ओळ. मग तिसरा. बायकोने प्रिंटरची वायर उपटली तेव्हा ट्रेमधली निम्मी चवड जमिनीवर होती.

"ड्रायव्हर," साडू म्हणाले, पण या वेळी डोळे उघडे होते. त्यांनी फोनवर शोधाशोध केली. कुणीतरी कुठेतरी लिहिलेली एक लांबलचक ओळ त्यांना सापडली. हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत त्यांनी ती डकवली. सुरुवातीलाच 'सुडो', म्हणजे मालकाच्या अधिकाराने, काहीही करायची मुभा. पुढे एक अनोळखी पत्ता, आणि त्या पत्त्यावर जे काही ठेवलं असेल ते आणून थेट चालवा, असा हुकूम.

"ही ओळ काय करते?"

"प्रिंटर चालू करते."

"तिकडून जे येणार आहे, त्यात काय आहे?"

"असतं काहीतरी."

"तुम्ही वाचलंत?"

"अहो, ते वाचायचं नसतं. हजारो लोकांनी वापरलंय."

कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. तोही साडूंनीच ठेवलेला, "तात्पुरता" म्हणून, एक ते सहा आकडे ओळीने. मिरायची यादी पाठ असलेला माणूस! त्यांनी तो मोठ्याने म्हणत टाइप केला आणि एंटर दाबलं. पडद्यावर अक्षरांची झुंबड उडाली. साडू ती कौतुकाने बघत होते. वाचत नव्हते, बघत होते.

माझ्या विंडोजमध्ये बोटभर पेनड्राइव्ह घालायला घाबरलेला हा माणूस. त्याने कुणा परक्याला माझ्या घराच्या सगळ्या किल्ल्या दिल्या आणि वर मला विचारलं, "बघितलंत, किती पारदर्शक आहे?"

इथे माझं हसणं संपतं. हल्ली चोरांना व्हायरस लिहायचे कष्टसुद्धा घ्यावे लागत नाहीत. एक पान उघडतं, तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा म्हणतं, आणि मग सांगतं, विंडोजचं बटण आणि आर दाबा, आता कंट्रोल-व्ही, आता एंटर. काय डकवायचं ते पानाने आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेलं असतं. मॅकवाल्यांसाठी तीच युक्ती टर्मिनलमध्ये, म्हणजे त्यांच्या हुकमांच्या खिडकीत. माणूस स्वतःच्या हाताने, सूचना नीट पाळून, चोराला आत घेतो. साडूंनी माझ्या टेबलावर केलं ते याहून वेगळं काय होतं?

मोठमोठ्या साथी आठवून बघा. २००० सालचं ते प्रेमपत्र, म्हणजे ईमेलने आलेला 'आय लव्ह यू' व्हायरस, लोकांनी उघडलं, कारण फाइलच्या नावाच्या शेवटी टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, दिसत होतं. त्याच्याही मागे व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्राम, होतं, ते विंडोजने लपवलं होतं. फाइलचं आडनाव लपवायची ही खोड विंडोजने अजून सोडलेली नाही, जाऊन सेटिंग बदलावं लागतं. हा दोष विंडोजचाच, मी कुठे नाही म्हणतो? पण २०१७ च्या मे महिन्यात फायली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय आला, तेव्हा त्याचा इलाज मार्चमध्येच येऊन पडला होता. "नंतर आठवण करा" म्हणून लोकांनी बाजूला सारलेला. आणि लिनक्सवाल्यांचं म्हणाल, तर २०२४ साली एक्सझेड नावाच्या छोट्याशा उपयोगी प्रोग्राममध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. तो सापडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि तो कारण शोधत बसला. अर्धा सेकंद! त्या जगात तशी माणसं आहेत. माझ्याकडे आली ती साडूंची पातळी.

ओळ चालवल्यानंतर प्रिंटर गप्प झाला. कागद ओढत नाही, दिवा लागत नाही. साडू म्हणाले, "निदान कागद तरी वाया जात नाही आता," आणि निघाले. माझ्या कॉम्प्युटरमध्ये काय काय आहे ते त्या सकाळपर्यंत मला माहीत होतं. संध्याकाळी ते सांगता येईना. सगळं पुसून, यंत्रणा अधिकृत ठिकाणाहून नव्याने उतरवून, पासवर्ड बदलून पुन्हा बसवायला माझी रात्र गेली. कुठली बसवली ते सांगत नाही. त्यावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्यांची संख्या घरात आधीच पुरेशी आहे.

काल साडूंचा फोन आला. मी प्रिंटरचं काही काढायच्या आत म्हणाले, "लिनक्सचंही आता काही खरं राहिलं नाही हो. मी ओपनबीएसडी नावाच्या यंत्रणेवर गेलोय. इतक्या वर्षांत मूळ इन्स्टॉलमध्ये बाहेरून शिरता येतील अशी फक्त दोन भोकं सापडली. ते स्वतःच लिहितात तसं."

"मूळ इन्स्टॉलमध्ये चालू काय काय असतं?"

"जवळजवळ काहीच नाही," ते अभिमानाने म्हणाले. "रविवारी येऊ का?"

"त्यावर प्रिंटर चालतो?"

"छापणं हाच मुळात धोका आहे. २०२१ साली विंडोजच्या छपाईत केवढं मोठं भगदाड निघालं. २०२४ साली लिनक्सच्या छपाईतही निघालं."

हे दोन्ही खरं आहे, म्हणून मी जरा दबकतच विचारलं, "म्हणजे तुम्ही हल्ली काही छापतच नाही?"

"छापतो की," साडू म्हणाले. "ऑफिसात. तिथे विंडोज आहे."