हिरव्या टिकचे 20 रुपये

परवा मुलीच्या कॉलेजात माझाच उत्पन्नाचा दाखला खोटा नाही हे पटवायला मला अडीच तास लागले आणि शेवटी ते पटवलं कोणी, तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने. अजून डोकं तापलेलंच आहे, त्यामुळे इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

फी सवलतीसाठी दाखला हवा होता. अर्ज घरबसल्या ऑनलाइन करायचा, म्हणून बसले घरी. आपला फोटो 20 केबीच्या आत पाहिजे, पण कागदपत्रं 75 केबीच्या वर पाहिजेत. म्हणजे तोंड बारीक आणि रेशनकार्ड गुटगुटीत. माझं रेशनकार्ड भरलं 61 केबी, तर ते घेईना, फाइल लहान आहे म्हणे. जन्मभर मी वजन कमी करा हेच ऐकत आलेय, वाढवून आणा असं मला पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं, तेही सरकारने. शेवटी मुलीने तोच कागद खिडकीच्या उजेडात धरून परत फोटो काढला, 140 केबी झाला, कागद तोच बरं का.

पण खोटं कशाला बोलू, दाखला चौथ्या दिवशी मोबाइलवर आला. तलाठ्याकडे हेलपाटा नाही, 'साहेब मीटिंगला गेलेत' नाही, काही नाही. 2015 साली आपल्याकडे सेवा हक्क कायदा आला, त्यात उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे आणि उगाच रखडवलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. माझ्या वडिलांना असल्याच एका दाखल्यासाठी रजा टाकून तालुक्याला मुक्काम करावा लागला होता, ती गोष्ट ते दर दिवाळीला सांगतात. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघा, सरकार सुधारलं. हे वाक्य मी परत घेतेय. म्हणजे अर्धं घेतेय.

तर कॉलेजात खिडकीपाशी लाइन. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले होते. माझा नंबर आला, मी प्रिंट सरकवली. भाऊसाहेबांनी चष्मा वर केला, खाली केला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. तिथे एक ठसठशीत प्रश्नचिन्ह आणि त्यावर इंग्रजीत 'सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड'.

"हे काय?"

"डिजिटल सही आहे ती."

"ते दिसतंय. पण प्रश्नचिन्ह आहे ना."

"ते कॉम्प्युटरमुळे येतं. ज्या कॉम्प्युटरवर उघडलं त्याचा सहीवर विश्वास नसतो, म्हणून तसं दाखवतं."

"कॉम्प्युटरचा विश्वास नाही, मग माझा कसा असेल?"

यावर काय बोलणार? मी म्हटलं खाली बारकोड आहे, वेबसाइटवर नंबर टाकला की खरा-खोटा कळतो, टाका की. तर म्हणाले या खिडकीला नेट नाही. म्हटलं डिजिटल सहीला कायद्याने मान्यता आहे, 2000 सालापासून, माझी मुलगी जन्मलीही नव्हती तेव्हा. तर म्हणाले, "कायदा आहे हो मॅडम, पण शिक्का कुठंय?"

एवढ्यात मागून एक काका पुढे आले. पांढरा शर्ट, काखेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सगळं लॅमिनेट केलेलं, मला वाटतं नातवाचं जावळसुद्धा असेल. "द्या हिकडं," म्हणाले. "बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलीय मी. सही कधी म्होरनं बघायची नसती ताई. मागनं बघायची."

म्हणजे काय विचारेपर्यंत त्यांनी दाखला पालथा केला, डोळे मिटले आणि कागदाच्या पाठीवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. हळूहळू. नाडी बघतात तसं. सगळी लाइन गप्प. भाऊसाहेबांनी पण पेन खाली ठेवलं.

"काय लागंना हाताला," काका डोळे न उघडता म्हणाले. "खऱ्या सहीला पेन दाबल्यालं मागं उमटतंय. साहेब जेवढा मोठा तेवढं जोरात उमटतंय. आमचे एक साहेब तर असं दाबायचे की खालच्या तीन कागदावर सही व्हायची, ते तिन्ही मंजूर धरायचो आम्ही."

"काका, ही पेनची सहीच नाही. कॉम्प्युटरवर केलेली आहे."

"मग कॉम्प्युटरनं दाबाय नको व्हय?"

मागे उभी असलेली एक पोरगी म्हणाली काका, माझा पण बघा ना. झालं, दवाखानाच उघडला. तिचा दाखला पालथा, अंगठा फिरला, काकांचा चेहरा उजळला. "हितं लागतंय बघा! ही खरी." पोरगी खूश. मग तिच्या आईने निरखून बघितलं, तो स्टेपलरच्या पिनचा टोचा होता. पण काका मागे हटले नाहीत. म्हणाले, पिन तरी खरीच हाय की.

आणि भाऊसाहेब माझ्याकडे बघून काय म्हणाले असतील? "काका म्हणतात त्यात पॉइंट आहे."

तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. दाखला सरकारच्या वेबसाइटवरचा, सही सरकारी अधिकाऱ्याची, मागितलाय सरकारच्याच योजनेसाठी, आणि मधे मी उभी, चोरीचा माल विकायला आल्यासारखी. माझ्या दिराचं गावाकडे हेच झालं. डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून निघतोय, 15 रुपयांत, बारा वाजता रात्रीसुद्धा काढा. त्याने काढला आणि कर्जासाठी घेऊन गेला, तर तिथे म्हणाले बाकी ठीक आहे, तलाठ्याचा शिक्का मारून आणा. प्रत्येकाने आपापली खिडकी ऑनलाइन केलीय हो, पण या खिडकीतून त्या खिडकीत कागद नाचवायला माणूसच लागतो, आणि त्या माणसाची रजा कुठल्या पोर्टलवर भरून मिळत नाही.

असो. भाऊसाहेबच म्हणाले, "कोपऱ्यावर जा, हिरवी टिक करून देतात."

झेरॉक्सच्या दुकानाबाहेर खरंच पाटी होती: 'लॅमिनेशन, स्पायरल, हिरवी टिक'. विशीतला पोरगा. पीडीएफ उघडली, सहीवर क्लिक, कुठेतरी आत आत गेला, 'ट्रस्ट' लिहिलेल्या बटणावर टिचकी मारली, ओके ओके ओके. प्रश्नचिन्ह गेलं, हिरवी टिक आली. सात सेकंद. मी विचारलं तू नेमकं काय केलंस? म्हणाला, "काय नाय मॅडम, कॉम्प्युटरला सांगितलं ही सही बरोबर आहे म्हणून."

"आणि तुला कसं माहीत?"

"तुम्हीच आणलीय ना."

म्हणजे तहसील कार्यालयावर विश्वास ठेवायचा निर्णय या पोराने घेतला, माझ्या तोंडाकडे बघून, आणि कॉम्प्युटरने मुकाट ऐकलं. 20 रुपये. वर कलर प्रिंटचे 10, कारण काळ्या-पांढऱ्यात टिक हिरवी दिसत नाही.

परत लाइन. काका तिथेच होते, त्यांनी पुन्हा पालथा करून बघितला आणि मान हलवली, पण भाऊसाहेबांना टिक आवडली. "हां, आता कसं!" त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला, पॅडवर दोनदा आपटला आणि माझ्या रंगीत झेरॉक्सवर मारला: 'मूळ प्रत पाहिली'. कुठली मूळ प्रत, हे मी विचारलं नाही. काकांनी मागून अंगठा फिरवला. "आता लागतंय," म्हणाले.

घरी आले. भाऊसाहेबांनी सांगितलं होतं, हा शिक्क्याचा कागद स्कॅन करून शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडा. मुलीने स्कॅन केला, अपलोडचं बटण दाबलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, चिडू नकोस. केबी बसत नाहीयेत."