स्पीड टेस्टचा आकडा आणि राउटरवर फोडलेलं खापर

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: फोनवर स्पीड टेस्ट करा, आकडा प्लॅनपेक्षा कमी आला की समजा राउटर गेला. 1200 लिहिलेला, चार अँटेनांचा नवा घ्या. तोवर रोज रात्री राउटर बंद-चालू करा आणि डीएनएस 8.8.8.8 टाका, स्पीड दुप्पट होतो. मलाच तो चार जणांनी पाठवला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

‘आकडा कमी म्हणजे राउटर खराब.’ फोनवरच्या टेस्टमध्ये फोन, मधल्या भिंती, शेजाऱ्यांची वायफाय, राउटर, बाहेरची लाइन आणि समोरचा सर्व्हर या सगळ्यांची मिळून एकच बेरीज दिसते. त्यात कोण अडतंय हे कळायला लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा, घरातली बाकीची डाउनलोडं थांबवा आणि मग मोजा. केबलवर पूर्ण आणि फोनवर निम्मा आला, तर लाइन ठीक आहे, प्रश्न वायफायचा. केबलवरही संध्याकाळी पडतो आणि पहाटे भरून येतो, तर इंटरनेट कंपनीला फोन लावा.

तिसराच प्रकार माझ्या नशिबी आला. प्लॅन 200 एमबीपीएसचा, आणि केबलवर आकडा 94 वर ठाण मांडून बसलेला. नेमका एवढाच आकडा दिसला की केबलची जोडणी कुठेतरी 100 एमबीपीएसवरच झालीय असं समजावं. 100 ला केबलमधल्या तारांच्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला (म्हणजे 1000 ला) चारही लागतात. दोन दिवस राउटरची सेटिंगं उलथीपालथी केल्यावर केबलचं टोक उजेडात धरलं, तर तपकिरी तार प्लगमध्ये शेवटपर्यंत पोचलेलीच नव्हती. नवा राउटर आणला असता तरी 94 च आले असते.

(आणि डाउनलोडच्या खिडकीत 12 दिसतं म्हणून ओरडणाऱ्यांसाठी: तिथे मेगाबाइट असतात, प्लॅनमध्ये मेगाबिट. आठने गुणा.)

‘1200 चा राउटर 1200 देतो.’ खोक्यावरचा 1200 म्हणजे 2.4 गीगाहर्ट्झचे 300 आणि 5 गीगाहर्ट्झचे 867 यांची फुगवून केलेली बेरीज. फोन साधारणपणे एका वेळी एकाच बँडवर असतो. शिवाय 867 हा हवेतल्या जोडणीचा कागदी दर, हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतं. अँटेना चार असोत की आठ, फोनमध्ये सहसा दोनच असतात.

‘डीएनएस बदला, स्पीड दुप्पट.’ रोग रेड्याला, औषध पखालीला. डीएनएसचं काम साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणं, बस. तो संथ असेल तर पान उघडायला सुरुवातीला अडखळतं. एकदा पत्ता मिळाला की पुढचं डाउनलोड त्याच लाइनवरून, त्याच वेगाने.

‘रोज रात्री बंद-चालू.’ बरं वाटतं खरं. मेमरी मोकळी होते, कधी कमी गर्दीचा चॅनल मिळतो. पण रोजच करावं लागत असेल तर फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) जुनं आहे, राउटर तापतोय किंवा अ‍ॅडाप्टर मरायला टेकलाय. आधी ते बघा.

आता मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते. आकडा पूर्ण येतो, तरी घरात कुणी मोठा व्हिडिओ अपलोड करायला लावला की तुमचा व्हिडिओ कॉल गचके खातो. राउटर किंवा मोडेम पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) टाकून देण्याऐवजी साठवत बसतो, आणि तुमचा आवाज त्या रांगेत मागे उभा राहतो. याला बफरब्लोट म्हणतात. हे नाव जिम गेटिस या प्रोग्रामरने प्रचारात आणलं. तपासणी अगदी सोपी आहे. एका खिडकीत 1.1.1.1 ला पिंग (उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) चालू ठेवा आणि दुसरीकडे अपलोड सुरू करा. माझ्याकडे 14 मिलिसेकंदांचे आकडे बघता बघता 400 च्या वर गेले, आणि अपलोड थांबवल्यावर क्षणात परत 14. थोडीफार वाढ चालते, पण अशी उडी चालत नाही.

यावर उपाय आहे. एफक्यू-कोडेल नावाची रांग लावायची पद्धत 2018 मध्ये आरएफसी 8290 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मोफत फर्मवेअरवर आणि काही तयार राउटरवर ती एसक्यूएम या नावाने मिळते. मोजलेल्या वेगाच्या 90 टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालायची, म्हणजे रांग मोडेमकडे न लागता राउटरच्या ताब्यात राहते. जुन्या राउटरच्या प्रोसेसरला हे झेपत नाही, आणि तेव्हा मात्र नवा घेण्यात अर्थ आहे.

मी ते लावलं. अपलोड चालू असतानाही पिंग 25 च्या आत राहतं, कॉल अडकत नाही. स्पीड टेस्ट मात्र आता 180 दाखवते. म्हणजे त्या मेसेजच्या हिशोबाने माझा राउटर याच आठवड्यात खराब झाला.