एकाच संध्याकाळी दोन्ही

पुण्यात कथक शिकवणारी माझी मैत्रीण मागच्या महिन्यात फोनवर चिडली होती. कार्यक्रमाच्या शेवटी एक कंटेम्पररी रचना करू द्या, असा तिच्या विद्यार्थिनींचा हट्ट होता. "अगं, तासभर थाट, आमद, परण करायचं आणि मग जमिनीवर लोळायचं?" हा वाद मी लंडनला येण्याआधीपासून ऐकतेय, आणि इतकी वर्षं मी तिच्याच बाजूची होते.

परवा इथे एका बॅले कंपनीचं ट्रिपल बिल, म्हणजे एका संध्याकाळी तीन छोट्या रचना, पाहिलं. सुरुवातीला मारियस पेतिपाच्या 1877च्या, भारतात घडणाऱ्या 'ला बायादेर' या बॅलेमधला छायांचा प्रवेश. उतारावरून एकेक नर्तकी येते, पाय मागे उचलून पुढे झुकते, सावरते, पुन्हा तेच. 24 जणी उतरेपर्यंत तेच. एकीचा घोटा थरथरला तरी शेवटच्या रांगेतून कळतं. (त्यातला कचकड्याचा भारत मला आजही टोचतो.)

मध्यंतरानंतर विल्यम फोर्साइथचं 1987चं 'इन द मिडल, समव्हॉट एलिव्हेटेड'. टॉम विलेम्सचं संगीत घणाचे घाव पडावेत तसं. वर टांगलेल्या दोन सोनेरी चेरी, बाकी रंगमंच मोकळा. पायात मात्र तेच पॉइंट शूज, बोटांच्या टोकावर उभं राहायचे बॅलेचे बूट. मघाशी पांढऱ्या रांगेत तिसरी असलेली मुलगी तोच मागचा पाय आता इतका ताणत होती की पडतेय असं वाटावं, आणि नेमकी तेव्हाच ती गर्रकन वळायची. उतारावरचा तोल अंगात मुरला नसता तर हे तिला झेपलंच नसतं.

माझं मत तिथेच बदललं. तरी मैत्रिणीची भीती खरी आहे. इथल्या नर्तकी पगारी आहेत. संध्याकाळी पेतिपा असो की फोर्साइथ, रोज सकाळी बार (आडवा दांडा) धरून प्लिएपासून, म्हणजे गुडघे वाकवण्यापासून, सगळ्यांचा क्लास होतो. तिच्या मुली नोकऱ्या सांभाळून आठवड्यातून दोनदा येतात. नव्या रचनेला दिलेला तास तत्कारातूनच, म्हणजे पायांच्या रियाजातूनच, जातो. 'हे कथक आहे का' यावर आपण परिसंवाद भरवतो, तालमीच्या जागेवर कधीच नाही. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या कथक गुरूंकडे शिकून नव्या रचना बांधणाऱ्या रोहिणी भाटे यांच्या पुण्यात तरी आधी रियाजाबद्दल बोलायला हवं.

मी तिला म्हटलं, करू दे त्यांना, पण तत्कार एक मिनिटही कमी करू नकोस.

"मग हॉल चार दिवस लागेल. भाडं कोण भरणार?"

काल रात्री आम्ही दोघी त्याचाच हिशेब मांडत बसलो होतो.